दादाची शेवटची ओळ

ओळंब्याला विमानात बसवताना चर्चच्या पाळकसाहेबांना घाम फुटला. ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण जन्मभर गवंडीकाम केलेल्या या माणसाला भिंत दिसली की एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते बघायची खोड, म्हणून सगळे त्याला ओळंबाच म्हणत. "मी परदेशात जाऊन काय दिवे लावणार? मला ना त्यांची भाषा येते, ना सूट घालता येतो," हे त्याने शंभरदा ऐकवलं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "अहो, शिडी अजून आहे तिथे. तुमची आठवण काढतो." मग मात्र गडी मुकाट्याने तयार झाला.

शिडीची गोष्ट फार जुनी. चर्चशेजारचा हॉल बांधायचा होता, तेव्हा समुद्रापलीकडच्या एका चर्चच्या मंडळीतून काही तरुण मदतीला आले होते. दोन मंडळ्यांची कायमची भागीदारी व्हावी, असा थोरामोठ्यांचा बेत. पोरं मनाने सोन्यासारखी, पण कामाच्या नावाने शून्य. त्यांनी पहिल्या दिवशी कालवलेला माल बघून ओळंब्याने कपाळाला हात लावला. त्यांच्यातला सगळ्यात उंच तो शिडी. तो जमिनीवरूनच बांबूच्या परांचीवर वीट ठेवायचा, म्हणून हे बारसं. पुढे त्याला वर दादाशेजारीच उभं केलं.

दादा म्हणजे ओळंब्याचा थोरला भाऊ आणि त्या कामावरचा मुख्य गवंडी. विटा वर चढवायच्या तर सगळ्यांची रांग लागायची आणि हातात ताल राहावा म्हणून दादाने एक गाणं रचलं होतं. पलीकडच्याच खोलीत वहिनी चहा करायची. रांग ओरडायची,

"वहिनी उठा, चूल पेटवा,
विटा म्हणतात, चहा पाठवा!"

एवढं झालं की रांग गप्प. सगळे उजवीकडे वळून, दोन्ही हात पुढे करून पुढची वीट घ्यायचे, आणि शेवटची ओळ परांचीवरून दादा एकटाच म्हणायचा. खाली विटांच्या खडखडाटात ती कधी कुणाला धड ऐकू आली नाही. चालीचा शेवट तेवढा वाऱ्यावर यायचा. त्याची तरी कुणाला फिकीर होती म्हणा! दादा काय उद्याही म्हणणारच होता.

मग एका हिवाळ्यात दादा गेला. त्यानंतर ओळंबा कामावर गुणगुणायला लागला की "चहा पाठवा"पर्यंत यायचा आणि गाडी अडायची. पुढची चाल काही केल्या सापडेना. भाऊ गेला, त्याचा आवाज गेला, आणि आता गाण्याचं शेपूटही गेलं, याचं त्याला मनापासून वाईट वाटे. त्याने वहिनीला किती वेळा विचारलं असेल! ती दर वेळी म्हणे, "मला नाही बाई आठवत," आणि पदराला हात पुसत आत निघून जाई.

तर असा हा ओळंबा रविवारी सकाळी परक्या देशातल्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला होता. गळ्यात उसना टाय. समोरची भिंत किंचित डावीकडे झुकलेली, ते त्याने आल्या आल्या हेरलं होतं. उपासना झाली की रखडलेल्या भागीदारीच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या. पाळकसाहेब सारखे कानात सांगत होते, "जरा जपून हं."

पेटीवाल्या बाईंनी सूर धरला, मंडळी उभी राहिली, आणि ओळंब्याचे कान टवकारले. शब्द परके, चाल संथ, पण होती ती "वहिनी उठा, चूल पेटवा"च! म्हातारे-कोतारे डोळे मिटून, भक्तिभावाने आळवत होते. ओळंब्याला हसू आवरेना. पाळकसाहेबांनी कोपर मारलं.

दुसरी ओळ संपली. सगळी मंडळी गप्प झाली आणि प्रत्येकाने उजवीकडे वळून दोन्ही हात पुढे केले. वीट घ्यायला करतात तसे! त्या पोरांकडून शिकलेल्या या भल्या लोकांना ती आपल्याकडची प्रार्थनेची रीत वाटली होती, आणि इतकी वर्षं ते ती इमानाने पाळत आले होते.

ओळंब्याचं हसू मात्र तिथेच थांबलं. आता शेवटची ओळ येणार होती. यांना ती येत असेल का?

मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याचा थरथरता आवाज उठला. शब्द नव्हते, नुसतीच चाल. आधी वर चढली, क्षणभर थांबली आणि अलगद खाली उतरली. दादा असाच म्हणायचा. गाणारा शिडी होता. वाकला होता, तरी सगळ्यांहून उंच. ओळंबा भर चर्चमध्ये लहान पोरासारखा रडला.

नंतर हॉलमध्ये चहाच्या टेबलापाशी शिडीने त्याला मिठी मारली आणि पाळकसाहेबांमार्फत विचारलं, "आम्ही बरोबर म्हणतो ना? मूळ गाण्याचा अर्थ काय?"

"उपकारस्तुतीचं गीत आहे असं सांगतो," पाळकसाहेब पुटपुटले. "अजून सह्या व्हायच्यात."

"खोटं नका सांगू हो, देवाच्या दारात उभे आहोत. चहा मागायचं गाणं आहे म्हणावं."

पाळकसाहेबांनी जीव मुठीत धरून सांगितलं. शिडी इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

ओळंब्याने घरी फोन लावला. "वहिनी, हे ऐक," म्हणाला आणि फोन शिडीच्या तोंडापुढे धरला. शिडीने शेवटची ओळ पुन्हा आळवली. ओळंब्याने फोन कानाला लावला. पलीकडून वहिनी, जी चर्चमध्येसुद्धा ओठातल्या ओठात गायची, ती म्हणू लागली,

"साखर नसली तरी चालेल गं,
तुझ्या हाताने ढवळ गं."

"म्हणजे तुला येत होतं?" ओळंबा म्हणाला.

"मी खिडकीतच असायची, भावजी. सांगितलं असतं तर तुम्ही सगळेच म्हणायला लागला असता. चारचौघांत ते दुसरं काही बोलायचे नाहीत मला. तेवढं एक माझं होतं."

"जेवलीस का?" एवढंच विचारून ओळंब्याने फोन ठेवला.

शिडी वाट बघत होता. पाळकसाहेब म्हणाले, "ते विचारतायत, त्या शेवटच्या ओळीला शब्द आहेत का?"

"नाहीत म्हणावं. नुसतीच चाल आहे."

पाळकसाहेबांनी फोनकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे. "आत्ताच म्हणालात ना, देवाच्या दारात खोटं नको?"

"म्हणालो होतो," ओळंबा म्हणाला. शिडीने उजवीकडून चहाचा कप पुढे केला होता. तो त्याने दोन्ही हातांनी घेतला.