माझ्या मानेवरचं नाणं

मी कल्याण नावाच्या गड्याच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. हो, तोच, ज्याला तो चारचौघांत ‘डबडं’ म्हणतो. आज त्यानं तोंड मिटायचं आणि माझं ऐकायचं.

मी स्वस्तातला आहे, नाकारत नाही. केडगावात मला आणलं ते एकाच रेकॉर्डसाठी. कल्याणचे वडील आसाराम लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. तरुणपणी त्यांच्या बँडची एक रेकॉर्ड निघाली होती. ते वारले आणि लंकाबाईंकडे, म्हणजे कल्याणच्या आईकडे, तेवढीच राहिली. तिच्यात एका जागी आसाराम दम घ्यायला थांबतात आणि ढोलवाल्याला मोठ्यानं म्हणतात, “व्हय, वाजीव!” त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता.

मला ठेवलं कुठं, तर थेट स्पीकरच्या डोक्यावर! ढोल वाजला की मी हादरायचो आणि सुई उडायची. ‘स्पीकरपासून लांब ठेवा’ असं सोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. ते पुस्तक त्यानं डुगडुगत्या कपाटाखाली सारलं आणि शिव्या मला! नाचता येईना अंगण वाकडं.

मग त्यानं माझ्या मानेवर, बरोबर सुईच्या वर, पाच रुपयांचं जाड नाणं चिकटवलं. “आता कशी उडती बघू!” सुई उडेना, पण ती रेकॉर्डमध्ये रुतायला लागली. रेकॉर्ड झिजतेय हे मला कळत होतं. तबकडी फिरवणारा पट्टा सोडून बंद पडता आलं असतं, पण मी गप्प राहिलो. म्हटलं, वाजव बेट्या, तीच ती बापाच्या आवाजाची जागा रोज दहादा वाजव. करावे तसे भरावे.

वर्षश्राद्धाला जेवणं उरकल्यावर कल्याणनं भावकीसमोर ऐटीत सुई टेकवली. ती जागा आली आणि नुसतं ‘खर्र’ झालं.

लंकाबाई पुढं सरकल्या. “कल्याण, ह्यांचा आवाज कुठं गेला रं?”

“आई, मशीनच भंगार हाय.”

लंकाबाईंनी नखानं नाणं उचकटलं. “एवढुशा सुईवर एवढं वझं? आरं, बैल बी मान टाकील!”

त्यांनी परसातला पाटा आणायला लावला. मिक्सर आल्यापासून तो बिचारा तिथंच पडून होता. गोधडीच्या घडीवर पाटा ठेवला, त्यावर काठोकाठ पाण्याची वाटी. पाणी एका अंगाला सांडायचं थांबेपर्यंत त्या खाली चिंध्या सारत राहिल्या. मग वाटी काढून माझी तिथं स्थापना केली. आणि मी असा खणखणीत वाजलो की पेंगणारे म्हातारे उठून बसले. भंगार काय रे? सगळे कल्याणकडे बघायला लागले. मला लई बरं वाटलं.

पण ती जागा आली, आणि पुन्हा ‘खर्र’.

आता रोज संध्याकाळी लंकाबाई कल्याणलाच सुई टेकवायला लावतात. ती जागा जवळ आली की तो उठतो. त्या म्हणतात, “बस खाली.” तो मान खाली घालून बसतो. कल्याणा, मी तुला माफ करणार नाही. रोज ऐक.

लंकाबाईंनी मात्र माझं काय वाकडं केलं होतं? त्या जागेवर त्या अजून वाकून कान लावतात. ‘खर्र’ होतं. मग त्या स्वतःच हळू आवाजात म्हणतात, “व्हय, वाजीव.”

आणि मी पुढं वाजवतो.