तिसऱ्या दिवसाचा जोर

ईप्सिताला कुणी हट्टी म्हटलं की ती हसायची. होतीच हट्टी! जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या लॅबमध्ये तीन वर्षं ती मेणकिड्याच्या अळ्यांना बुरशीची लागण करत होती, पण त्या अळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. बुरशी अंगात शिरली की अळीच्या आत जाळ उठतो आणि तो विझवायला तिची एन्झाइम धावतात. त्यांचा जोर रोज मोजायचा, हीच हिची पीएच.डी.

२००७च्या मार्चमध्ये शेवटची फेरी सुरू झाली आणि सोमवारीच धाकट्या शार्दूलचा मिरजेहून फोन आला. "ताई, बाबांना ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणतात, लक्षण काही ठीक दिसत नाही. तू निघ."

"शुक्रवारी सकाळी शेवटचे नमुने घेते आणि निघते," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरची आंके म्हणाली, नमुने मी घेते, तू जा. पण नाही! आंकेचा हात म्हणे जड.

बुधवारी खुद्द बाबांचा फोन. आवाज खणखणीत! दोन दिवस पाणीही न घेणाऱ्या माणसानं वाटीभर आमटी-भात खाल्ला होता. नर्सची थट्टा काय, शार्दूलला दटावणं काय! "ठणठणीत आहे गं मी. काम पुरं करूनच ये." हिला हायसं वाटलं. तिकीट शनिवारचं काढलं.

अहो, विझायच्या आधी दिवा मोठा होतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि हिनं तर ते स्वतः मोजलं होतं. तिसऱ्या दिवशी एन्झाइमचा जोर सगळ्यात जास्त, चौथ्या दिवशी अळी खलास. तसा आलेख काढून भिंतीवर लावला होता. पण बापाचा आवाज ऐकताना कुणाला आलेख आठवतो?

शुक्रवारी नमुने घेऊन ती हातमोजे काढत होती, तेव्हा फोन वाजला. शार्दूल 'ताई' एवढंच म्हणाला. फोन आईनं घेतला.

"बाबा गेले गं. काल दुपारीच."

"काल? आणि मला आत्ता सांगतेस?"

"त्यांनीच बजावलं होतं. पोरीचं शुक्रवारचं काम होईपर्यंत कुणी फोन करायचा नाही म्हणाले." मग आईनंच विचारलं, "झालं का गं तुझं काम?"

"झालं, आई," ती म्हणाली, आणि तिथेच फरशीवर बसून तिनं हंबरडा फोडला.