दोन फूट खालची रेष

आमच्या संस्थेचं काम म्हणजे सरकारला घाबरवणं. हवामान बदलतंय, राज्याचं धोरण बदला, निधी काढा, असं आम्ही बेळगावच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसातून सहा वर्षं सांगतोय. सरकार घाबरत नाही. अहवाल पाठवला की पोच येते. पोचेवरचा शिक्का मात्र फार सुबक असतो.

"रविराज, अहवाल कुणी वाचत नाही," कल्याणी मॅडम एकदा म्हणाल्या. वकिली सोडून त्यांनी ही संस्था काढली. अजूनही समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच त्या बोलायला सुरुवात करतात. "काहीतरी डोळ्याला दिसलं पाहिजे."

म्हणून आम्ही येणारा पूर रंगवला.

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी कुपलवाडी आहे. तिथं झालेल्या पुराची खूण लोक स्वतःच भिंतीवर करतात. शेजारी साल. एकोणीस, एकवीस. आम्ही फक्त पुढचं पाणी काढलं. नदीच्या अभ्यासकांनी हिशेब करून दिला होता: काठाला राहणाऱ्या कांताआक्कांच्या उंबऱ्यापासून आठ फूट. मष्णू गवंड्यानं पाण्याची नळी लावून पातळी धरली आणि मी घराघरात, आतून-बाहेरून, निळ्या ऑइलपेंटची रेष ओढली. शेजारी साल लिहिलं नाही. जागा सोडली.

महिन्याभरात गाव रेषेला सरावलं. तिच्यावर कॅलेंडरं लटकली. एका स्थळानं "मुलीचं घर रेषेच्या वर आहे का" असं विचारलं म्हणे. कांताआक्कांनी पार्श्वनाथांची तसबीर रेषेच्या वर घेतली, टीव्ही खालीच ठेवला.

"टीव्ही बुडंल की, आक्का."

"बुडू दे. लई बडबडतोय."

खरा प्रश्न त्यांच्या नवऱ्याचा होता. जिनाप्पा आप्पांना दोन वर्षांपूर्वी लकवा झालेला. बोलणं शाबूत, पण उठून बसता येत नाही. माळा सात फुटांवर, रेष आठवर. आक्कांनी हिशेब केला आणि ठरवलं, जून लागला की आप्पांना निपाणीला लेकीकडं, प्रणिताकडं, सोडायचं.

"मला न्हेऊ नका," आप्पा खाटेवरनं म्हणाले. "रेष न्या तिकडं."

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण सौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं. बाहेर आंदोलनांचे मांडव असतात, त्यात आमचाही होता. एका बाजूला ऊसदर, दुसऱ्या बाजूला विनाअनुदानित शिक्षक. आम्ही रेषेचे फोटो लावले. एका आमदारांनी रंगाच्या कंपनीची जाहिरात समजून भाव विचारला. पण बेंगळूरुहून आलेले एक अधिकारी थांबले. बराच वेळ बघत राहिले. फेब्रुवारीत निधी मंजूर झाला: कुपलवाडीत खांबांवरचा पूर-निवारा. मॅडमनी पेढे वाटले आणि स्वतः दोन खाल्ले.

मार्चमध्ये फाइल परत आली. बेंगळूरुच्या त्याच साहेबांचा फोन स्पीकरवर होता.

"निवाऱ्याचे खांब सहा फूट. तुमची रेष आठ. म्हणजे कागदावर निवारा बुडतोय."

"मग खांब आठ करा," मॅडम म्हणाल्या.

"सहाच्या वरची योजना वेगळी. तिला अजून नाव नाही." फोनवर चमचा कपात फिरल्याचा आवाज आला. "रेष कुणी काढली?"

"आम्ही."

"मग झालं तर. तुमच्याच हातात आहे."

फोन बंद झाल्यावर मॅडम पंख्याकडं बघत बसल्या. "सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी होतंय, रविराज," एवढंच म्हणाल्या आणि चहाला गेल्या. एकट्या कधी जात नाहीत.

मी पांढरा रंग आणि निळा रंग घेऊन कुपलवाडीला गेलो. आठ फुटांवरची रेष पांढऱ्या रंगानं झाकली, सहा फुटांवर नवी ओढली. मष्णूनं नळी धरली, पण तोंड गप्प ठेवलं नाही.

"पाण्याला कळवलंय न्हवं?"

"सुधारित अंदाज आहे," मी म्हणालो.

आक्का दारात उभ्या होत्या. "पाणी कमी येणार व्हय?"

"दोन फूट."

"कुणी केलं कमी?"

"बेंगळूरुनं मंजूर केलंय."

आक्कांचा चेहरा असा उजळला की मी डबा उचलून पुढच्या घरी गेलो. मागून आप्पांचा आवाज आला, "बघ, मी म्हटलो न्हवतो? माळा रेषेच्या वर फूटभर हाय. मी कुठं जात न्हाय." मी मागं वळलो नाही. सव्वीस घरं बाकी होती.

ऑगस्टपर्यंत निवाऱ्याचे सहा खांब उभे राहिले. छत पुढच्या हप्त्यात येणार होतं.

चौदा तारखेला सकाळी नदी गावात शिरली. लोक उंचावरच्या शाळेत गेले, मीही तिथं पोचलो. दोघं तेवढी मागं राहिली. आप्पांना उचलायला आलेल्या पोरांना आक्कांनी परत पाठवलं होतं. शेजाऱ्यांनी दोघांना माळ्यावर चढवून दिलं आणि मगच गाव सोडलं. आता बोट हवी होती. बोट एकच, ती दुसऱ्या गावात, चारपर्यंत येणार म्हणे. तेव्हा दोन वाजले होते.

मी आक्कांना फोन लावला.

"टीव्ही गेला," त्या म्हणाल्या. "तू घाबरू नको. रेष अजून वीतभर लांब हाय."

अडीचला त्यांचाच फोन आला. "लागलं बघ रेषेला! काय काटेकोर काढलीयास रं. आता थांबंल."

मी मॅडमना कळवलं. दहा मिनिटांत त्यांचा मेसेज आला. साहेबांनी त्यांना पाठवलेला, तोच मला पुढं पाठवलेला: *अंदाज तंतोतंत. अभिनंदन. पाणी रेषेला टेकल्याचा फोटो फाइलला लागेल.*

शाळेच्या व्हरांड्यातनं कुपलवाडीची कौलं दिसत होती. निवाऱ्याचे खांब दिसत नव्हते.

पावणेतीनला फोन वाजला. आक्का हळू बोलत होत्या, कुणी झोपलेलं असावं तसं.

"रविराज, भिंत ओली व्हायलीया. पांढऱ्या रंगाला फुगवटं आल्यात. हात लावला तर पापुद्रा निघाला."

"बरं."

"आत निळी रेष हाय. पहिलीच. वर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ही कुणाची?"

"नदीची," मी म्हणालो.

"मग खालची?"

"माझी."

पाण्याचा आवाज येत होता, फोनमधनंही आणि समोरनंही. मागं आप्पा विचारत होते, कोण हाय गं, थांबलं का?

"माळ्याच्या वर फूटभर येतीया ही," आक्का म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच मोजून सांगितल्यासारखं. "ते निजल्यालं असत्यात. बसता येत न्हाय त्यांला. तुला ठावं हाय."

"आक्का, बोट चारला—"

"ठेव आता. हात मोकळं पायजेत."

त्यांनी ठेवला नाही. फोन कुठंतरी टाकला असावा, कारण आवाज येत राहिले. काहीतरी ओढल्याचा. आप्पांचा, "अगं, छपराला कशाला हात घालतीस, रेष हाय न्हवं?" मग एक कौल पाण्यात पडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दुसरं.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजायला पाच कमी होते. मी कौलं मोजायला लागलो.