पंप मारू नका

नागभीडच्या स्टेशन रोडवर नवाबचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत त्याची बायको सलीमा २००५ च्या धानकापणीपासून पडून होती. ताप नाही, खोकला नाही. पण हात उचलायचा म्हटलं तरी अंग दगडासारखं जड. सासूनं खाण्याचा मारा केला. खीर, अंडी, भिजवलेले बदाम. सलीमा दोन घास खाई आणि भिंतीकडे तोंड वळवी. शेवटी सासूच्या तोंडी एकच शब्द उरला, कामचोर.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं दुखण्याला नैराश्य म्हटलं. गोळ्या दिल्या आणि समजावलं, शरीराच्या पेशीपेशीत बारक्या चुली असतात. अन्न तिथं जळतं, ताकद तिथून निघते. या आजारात काहींच्या चुली मंदावतात, धूर जास्त करतात आणि तो धूर पेशींनाच इजा करतो, असं संशोधकांना दिसू लागलंय. "सगळं अजून कळलं नाही. पण हा आळस नव्हे."

सासूला काही ते पटलं नाही. तिनं सलीमाची पेटी भरली आणि दारात ऑटो बोलावला.

"माहेरी जा. बरी झाली का ये. जोया इथीच राहीन."

सात वर्षांची जोया उंबऱ्यात उभी होती. "अम्मी, तू खरंच कामचोर हायेस काय?"

लेकीच्या तोंडून आलेला तो शब्द सलीमाला झोंबला. ती भिंतीकडून वळली.

"अब्बाच्या दुकानात पिवळा जळनारा स्टोव्ह येते. त्यात रॉकेल नसते काय?"

"भरून असते."

"मंग लोक काय करतात?"

"पंप मारतात. अब्बा चिडतात. म्हनतात, बर्नर बिघडला हाये, पंपानं काजळीच वाढन."

"तो स्टोव्ह कामचोर हाये काय?"

जोया हसली. "स्टोव्ह कुठी कामचोर असते?"

"तुही दादी मले कवाचीच पंप मारून राह्यली."

नवाब दारातून पुटपुटला, "अम्मा, हे तं खरं हाये."

"बोलला बायकोचा चमचा," सासू फणकारली. "ऊठ वो. ऑटोवाला थांबला हाये."

सलीमानं चादर गळ्यापर्यंत ओढली. "आजवर उठवत नव्हतं, अम्मा. आज उठनारच नाई. माह्या गोळ्या इथी, माही पोरगी इथी. बरी होईन तं इथीच होईन."

बाहेर भोंगा वाजला. मग नवाब गेला, ऑटोवाल्याला वाटेला लावलं आणि पेटी उचलून आत आणली. पेटी ठेवायला पलंगाखाली जागा त्यानं स्वतःच केली, बायकोला ऊठ म्हटलं नाही.