चार वेळा वाजलं तर

आमच्या घरात काहीही वाजलं, किंवा वाजायचं बंद झालं, तरी आमच्या ह्यांचं निदान एकच: "सेल गेलाय." चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस! डोळ्याला भिंग लावायचं, सेल बदलायचा आणि झाकणाच्या आत तारखेची बारीक चिठ्ठी चिकटवायची. दोन वर्षांच्या आत बंद पडलं तर नवा सेल फुकट. आजवर एकालाही फुकट द्यावा लागला नाही, हे मला दिवसाआड ऐकावं लागतं.

त्या दुपारी मी भाजी निवडत होते. बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्या सगळ्या बंद. हे मागच्या खोलीत कामाच्या टेबलाशी, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बॉयलर चालू. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. तेवढ्यात भिंतीवरचा डबा केकाटला. पी-पी-पी-पी. थांबला. पुन्हा पी-पी-पी-पी.

हा डबा मुलीने लावून दिलेला. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू होतो म्हणे. त्याला ना रंग ना वास, माणसाला पत्ताच लागत नाही. तो हा डबा ओळखतो. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं पिपाणी.

"सेल गेलाय!" मागून आवाज आलाच. हे आले, स्टुलावर चढले, सेल काढून खिडकीत ठेवला. पिपाणी गप्प. "बघ," म्हणाले, आणि उतरताना भिंत धरली.

"चक्कर येतेय का हो?"

"डोकं जरा जड झालंय. पडतो थोडा." आणि परत मागच्या खोलीत जाऊन कॉटवर आडवे झाले.

बघ काय बघ! तोंडात बोळा कोंबला तर माणूससुद्धा गप्प होतो. मुलीने डब्याच्या पाठीवर काहीतरी लिहून ठेवलेलं मला आठवत होतं. डबा काढून उलटा केला, तर तिथे मागच्या वेळी सेल बदलल्याची ह्यांची चिठ्ठी! नेमकी पोरीच्या अक्षरावर चिकटवलेली. नखाने खरवडून काढली. खाली लिहिलं होतं: "मिनिटाला एकदा वाजलं तर सेल. चार वेळा वाजून थांबलं तर विषारी वायू. आधी बाहेर पडा, मग फोन करा."

सेल परत आत सरकवला. पिपाणी चार वेळा वाजली, थांबली, पुन्हा चार वेळा वाजली.

"अहो, उठा! बाहेर चला आधी."

"तुझं आपलं काहीतरीच. दुसरा सेल घाल." डोळे मिटलेलेच.

हात धरून ओढलं. एवढा धिप्पाड माणूस, मी मूठभर. तसूभर हलले नाहीत. एकटीने बाहेर पडायची तर माझी तयारी नव्हती. रडू येत होतं, पण रडायला वेळ होता कुणाला! हातातली चिठ्ठी मी ह्यांच्या नाकासमोर धरली.

"ही तारीख कुणी लिहिली?"

"मीच."

"तीन आठवडे झालेत. तीन आठवड्यांत तुमचा सेल गेला? म्हणजे आयुष्यभर लोकांच्या घड्याळांत असलाच माल घातलात! थांबा, गल्लीभर सांगून येते."

डोळे खाडकन उघडले. "माझा सेल? माझा सेल तीन आठवड्यांत जाणार नाही!"

"मग ही का बोंबलतेय?"

पिपाणीने पुन्हा चार मोजले. "मग खरंच बोलतेय ती," हे पुटपुटले आणि उठायला गेले, तर गुडघेच दुमडले. मी बगलेत हात घातले. कॉटपासून दारापर्यंत कशी ओढत आणली ती स्वारी, माझं मला ठाऊक. पायरीवर बसवलं, दार सताड उघडं टाकलं, आणि मग फोन केला.

अग्निशमन दलाची माणसं मास्क लावून आत गेली. त्यांनी बॉयलर बंद केला, खिडक्या उघडल्या. त्यांचा प्रमुख बाहेर आला तो हातात वर्तमानपत्राचा मोठा बोळा घेऊन. "बॉयलरला हवा मिळायची जाळी कुणी बुजवली?"

हे माझ्याकडे बघेनात. "घड्याळांत धूळ जायची," म्हणाले.

"आजोबा, अजून अर्धा तास झोपला असतात तर उठला नसतात."

ह्यांना चार शब्द सुनावायचे असं मी केव्हाचं ठरवून ठेवलं होतं. ते राहिलं बाजूलाच. भर रस्त्यात ह्यांचा हात घट्ट धरून हमसून हमसून रडले.

रात्रभर दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला होता. दोन दिवसांनी जाळी मोकळी झाली, मेकॅनिकने बॉयलर तपासून दिला. मग हे भिंग लावून बसले, पिपाणीत नवा सेल घातला आणि चिठ्ठी चिकटवली. या वेळी पोरीच्या अक्षराच्या बाजूला. हे आंघोळीला गेल्यावर मी डबा उलटा करून वाचली. तारीख होती, सही होती, आणि खाली बारीक अक्षरात: "सेल चांगला आहे. वाजल्यास हिचं ऐकणे."