पितळी पट्टीवरचा पत्ता

मी एक जुना पत्ता आहे. मित्रांनो, पत्ता म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गल्ली, घराचा क्रमांक आणि दारावरची पाटी उभी राहील. मी तसा नाही. मी एका वेबसाइटचा पत्ता आहे. मला डोमेन म्हणतात. कोणी फोनवर किंवा संगणकावर मला टाइप केले, की मी त्याला बोट धरून नेमक्या पानापर्यंत नेऊन सोडतो. म्हणजे सोडत असे. सध्या मी कुलपाआड आहे. मला कोंडले ते कोणा दुष्टाने नाही, तर माझ्यावर जिवापाड माया करणाऱ्या माणसाने. ऐकणाऱ्याला यात थोडे हसू येते. मला अजून आलेले नाही.

माझा मालक शिलाई मशिनी दुरुस्त करतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. जिन्याखालची एक लांबट खोली हेच त्याचे दुकान. भिंतीला लागून बाक, बाकावर मापाप्रमाणे वेगळे केलेल्या स्क्रूंचे डबे, आणि खिळ्याला टांगलेली तेलकट चिंधी. बाकाच्या खणात एक जाडजूड वही असे. कोणत्या मशीनला काय दुखणे होते आणि ते कसे बरे केले, हे मिस्त्री तिच्यात चित्रांसकट लिहून ठेवी.

एक दिवस त्याची लेक ती वही चाळत बसली. ती औषधांच्या दुकानात काम करते. ती म्हणाली, "बाबा, हे सगळं खणात कुजवायचं का? आपण तुमची वेबसाइट काढू."

मिस्त्री आधी हसला आणि मग लहान मुलासारखा हरखला. दोन सुट्ट्या बापलेक बाकाशी डोक्याला डोके लावून बसली. लेकीने कागदावर दोन चौकोन काढले.

"हे बघा, गोष्टी दोन आहेत. एक तुमचं नाव, म्हणजे डोमेन. ते एका कंपनीत नोंदवायचं. दुसरी पानं ठेवायची जागा, तिला होस्टिंग म्हणतात. ती दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घ्यायची. उद्या जागा आवडली नाही तर सामान उचलायचं आणि दुसरीकडे जायचं. नाव आपल्याच हातात राहतं."

"अगं, सुई एका दुकानातून आणि दोरा दुसऱ्या दुकानातून कोण आणत बसणार?" मिस्त्री म्हणाला. "ही कंपनी बघ. जागा घेतली की नाव फुकट. वर मेलची पेटी पण फुकट."

"फुकट आहे म्हणूनच भीती वाटते."

"तू औषधं विकतेस, म्हणून तुला जिथे तिथे दुष्परिणाम दिसतात."

यावर लेक खळखळून हसली आणि तिथेच हरली. कंपनी ठरली. आता एक अर्ज भरायचा होता. मित्रांनो, माझे सगळे आयुष्य त्या अर्जातल्या दोन रकान्यांत अडकले आहे.

पहिला रकाना होता मालकाच्या नावाचा. सरकारी कागदांवर मिस्त्रीचे नाव लांबलचक आहे, आणि त्या नावाने त्याला हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. त्याने छाती फुगवून तिथे "मिस्त्री" एवढेच लिहिले. दुसरा रकाना होता मेलचा. कंपनीने नुकतीच दिलेली मेलची पेटी माझ्याच नावाने संपत होती. नवा सदरा घालून आरशात बघावे तशा खुशीत त्याने तोच मेल टाइप केला.

लेकीने वाकून पाहिले. "बाबा, निदान मेल तरी माझा द्या."

"स्वतःचं घर असताना पत्रं शेजाऱ्याच्या दारात का मागवू?"

तेवढ्यात तिच्या दुकानातून फोन आला, ती बोलत बाहेर गेली आणि मिस्त्रीने बटण दाबले. मीही तेव्हा फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू? माझ्या कुलपाची किल्ली कधी लागलीच तर ती ज्या पेटीत येणार, ती पेटी माझ्याच पोटात आहे, हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

मग सुरू झाले माझे सोन्याचे दिवस. मिस्त्रीने पितळेच्या बोटभर पट्ट्या कापल्या. पोलादी ठसे घेऊन त्याने एकेका अक्षरावर हातोडीचा एकेक घाव घातला. मधले टिंब त्याने खिळ्याने ठोकले. पहिल्या पट्टीवर ते जरा वाकडे बसले. ती पट्टी त्याने दुकानातल्या स्वतःच्या मशीनवर दोन स्क्रूंनी बसवली. त्यानंतर दुरुस्त होऊन गेलेल्या प्रत्येक मशीनवर माझी पट्टी गेली. जिथे पट्टी तिथे मी, त्यामुळे किती घरे, किती खोल्या आणि किती कामे मी पाहिली! अकरा वर्षांत अशा सहाशेहून जास्त मशिनी झाल्या. मशिनी विकल्या गेल्या, लेकीबाळींबरोबर सासरी गेल्या, समुद्रापारही गेल्या.

कुठेतरी दोरा तुटे, टाका सुटे, चाक अडे. मशीनपुढे बसलेली व्यक्ती वैतागून मान खाली घाली, तिला पट्टी दिसे, आणि ती मला टाइप करी. मी तिला मिस्त्रीच्या पानावर नेई. "आधी खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून बघा. बॉबिन बघितल्याशिवाय चाक जबरदस्तीने फिरवू नका," असे त्याच्या प्रत्येक पानाच्या सुरुवातीला लिहिलेले असे. दहातल्या सात जणांचे काम तेवढ्यावरच भागे.

एकदा दूरदेशीच्या एका शिंपिणीने लिहिले, "मिस्त्री, तुम्ही कुठे राहता ते मला माहीत नाही, पण तुमचा पत्ता माझ्या मशीनवर आहे. काल माझी अब्रू वाचली." मिस्त्रीने ते पत्र चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचले, नुसते "हं" म्हटले आणि एकाच मशीनला दोनदा तेल घातले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पण सगळे दिवस सारखे नसतात. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, आणि त्या मोठीला तिच्याहून मोठीने गिळले. नव्या मालकांनी जुन्या जागा बंद करायचे ठरवले. तशी सूचना त्यांनी मिस्त्रीच्या मेलवर तीनदा धाडली. नेमके त्याच महिन्यात मिस्त्रीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. पडद्याकडे बघायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. लेक दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालण्यात गुंतली होती. तिन्ही पत्रे पेटीत न उघडता पडून राहिली. ठरल्या तारखेला पानांची खोली गेली आणि मेलची पेटीही गेली. मी एकटा कंपनीच्या नोंदवहीत उरलो, कुठेच न जाणारा.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मिस्त्रीने पहिल्यांदा मलाच टाइप केले. समोर आले, "पान सापडत नाही." त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

लेक म्हणाली, "घाबरू नका. पानं वहीत आहेत, नवी जागा आजच घेऊ. फक्त डोमेनला नवीन रस्ता दाखवला की झालं."

मला रस्ता दाखवायला कंपनीच्या साइटवर शिरायला हवे होते, आणि शिरायला पासवर्ड हवा होता. तो कोणाला आठवत होता? तिने "पासवर्ड विसरलो" वर बोट टेकवले. उत्तर आले, "नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा तुमच्या नोंदलेल्या मेलवर पाठवला आहे." मित्रांनो, तो दुवा माझ्यापर्यंत आला. त्याने पेटी शोधली. पेटी नव्हती, म्हणून तो परत गेला. त्या दिवशी असे सात वेळा झाले. किल्ली दाराशी येत होती आणि मला हात नव्हते.

मग मिस्त्रीने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात बोलत होती.

"सर, सुरक्षेसाठी दुवा फक्त नोंदलेल्या मेलवरच जातो."

"ताई, ती पेटी तुम्हीच बंद केलीत ना?"

"हो सर. म्हणून तुम्ही मेल बदलून घ्या."

"कसा बदलू?"

"लॉगिन करून, सर."

मिस्त्रीने फोन बाकावर ठेवला. "चोर सोडून संन्याशाला फाशी!" तो म्हणाला. मग लेकीने फोन घेतला. दुसरा एक मार्ग निघाला. ओळखपत्र पाठवा, नाव जुळले तर मेल बदलून देऊ. पण ओळखपत्रावर ते लांबलचक नाव, आणि नोंदवहीत नुसते "मिस्त्री". नावाची नोंद ठरावीक मुदतीचीच असते, लॉगिनशिवाय ती वाढवता येत नाही, आणि माझी मुदत संपायला अडतीस दिवस उरले होते. त्यानंतर मी कोणाच्याही हाती जाऊ शकत होतो, आणि सहाशे मशिनींवरच्या पट्ट्या लोकांना परक्या दारात नेऊन सोडणार होत्या.

त्या अडतीस दिवसांत बापलेकीने काय नाही केले? दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला. छापून ठेवलेली जुनी पत्रे पाठवली. एक्केचाळीस गिऱ्हाइकांनी पट्टीवर बोट ठेवून आपापल्या मशिनींचे फोटो काढून दिले. मला ओरडून सांगावेसे वाटे, "अहो, हाच तो! याच्याच हातोडीचे घाव माझ्या अंगावर आहेत!" पण पत्त्याला तोंड नसते. कंपनीचे उत्तर दर वेळी एकच येई, "नाव जुळत नाही."

"मग मी नावच बदलून घेतो," मिस्त्री शेवटी म्हणाला. "कागदोपत्री मिस्त्री. मागेपुढे काही नको." लेकीला वाटले तो चेष्टा करतोय. तो खरोखरच कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिला. तिथल्या कारकुनाने सांगितले, याला चार महिने लागतील. तेव्हा माझे नऊ दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी लेकीला रडू आवरेना. "मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता."

"तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही," मिस्त्री म्हणाला. "जन्मभर लोकांना सांगत आलो, बॉबिन बघितल्याशिवाय चाक फिरवू नका. आणि मीच न बघता फिरवलं."

मुदत संपली. काही आठवडे मी तसाच लोंबकळत राहिलो. मग पोत्याने नावे विकत घेणाऱ्या कोणीतरी मला उचलले. आता मला टाइप केले की एकच ओळ दिसते, "हे नाव विकणे आहे." खाली किंमत आहे. ती वाचून मिस्त्रीने चष्मा काढून ठेवला.

त्याने नवीन पत्ता घेतला आहे. नाव एका कंपनीत आणि पानांची जागा दुसरीकडे. मालकाच्या रकान्यात ते लांबलचक नाव आहे आणि मेलच्या रकान्यात लेकीचा मेल. मुदतीची तारीख खडूने दुकानाच्या दारावर लिहिली आहे. आसपासच्या घरांत तो स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेला आणि त्याने माझ्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या. दोनशेवर पट्ट्या परत आल्या. त्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. डब्याचे झाकण घट्ट बसते. उरलेल्या पट्ट्या कुठे कुठे आहेत, ते मला ठाऊक आहे, पण मी सांगू कसे? तिथली माणसे अडल्या वेळी मला टाइप करतात, विक्रीची ओळ वाचतात आणि म्हणतात, "मिस्त्रीने धंदा बंद केला वाटतं." हे ऐकून जीव तुटतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आपली वेबसाइट काढाल. जरूर काढा. पण नाव नोंदवताना आपले खरे नाव लिहा, आणि किल्ली यायची पेटी कुलपाच्या बाहेर ठेवा. फुकटाला भुलू नका. मुदत विसरू नका. कोणी मायेचे माणूस शेजारी बसून काही सांगत असेल, तर बटण दाबण्याआधी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या.

दुकानातल्या मशीनवरची ती वाकड्या टिंबाची पहिली पट्टी अजून आहे. लेकीने आठवण करून दिली होती, "बाबा, ही एक राहिली." मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर लावला, अर्धा फेरा दिला आणि पुन्हा घट्ट केला. रोज सकाळी दुकान उघडले की तो पट्टीवरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचतो आणि मला टाइप करतो. ती विक्रीची ओळ येते.

"जुना पत्ता अजून आतच आहे," तो लेकीला फोनवर सांगतो, आणि कामाला लागतो.