मऊ भाताची वाटी

शनिवारी दुपारी घाटंजीच्या आमच्या घरात सगळं नेहमीसारखं होतं. आई दिवाणावर आडवी, पोटावर गरम पाण्याची पिशवी. आदल्या दिवशी मी तिला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं होतं. तिचा आतड्याचा क्रोन्सचा आजार शांत होता, दुर्बिणीच्या तपासणीत सूज दिसली नव्हती. तरी जेवलं की पोट फुगायचं, कळ यायची.

डॉक्टर म्हणाले होते, "इतकी वर्षं सोसलेलं आतडं हळवं होऊन बसतं. हे दुखणं खरं आहे. थोडं थोडं खा, काही दिवस कांदा-लसूण बंद करून बघा. वाढलं तर लगेच या."

बसमध्ये आई परत परत विचारत होती, "खरं हाय म्हणाले नं?"

मोठी आत्या तूर निवडता निवडता म्हणाली, "रिपोर्ट तं चांगला आला, कोकिळे. मंग काहून कण्हून राह्यली वं?"

"रिपोर्ट मी वाचला, बाई. आतड्याले कुठी वाचता येते?"

बाबा हसले. "मनाचं दुखणं हाय ते," म्हणून शेताकडे निघून गेले.

आत्या आत गेल्यावर आईनं हळूच विचारलं, "तुले तरी पटते का, खरंच दुखते म्हून?"

"थांब, पाणी थंड झालं असन. बदलून आणते," मी म्हटलं.

रविवारी सकाळी ती उठलीच नाही. झोपेत हृदय थांबलं. पोटाचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं सांगितलं गेलं.

तेरवीला, तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान आधी वाढतात, मग पंगत बसते. आत्यानं वांग्याची तर्रीदार भाजी स्वतः केली होती. पान तिनंच फोटोपुढे ठेवलं. ती भाजी आईला फार आवडायची. आजारानंतर ती नुसता वास घ्यायची.

मी मऊ भाताची वाटी आणली, वर बिनफोडणीचं वरण. ती ठेवायला भाजी पानावरून उचलू लागले.

"हे काय वं? मेल्यावर कायचं पथ्य? आज तरी खाऊ दे तिले!"

आत्याचं खोटं नव्हतं. आता दुखायला काही उरलं नव्हतं. मी भाजी होती तिथेच ठेवली. वाटी तिच्या शेजारी ठेवली. मग फोटोकडे बघून, बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"आई, खरंच दुखे तुले. मले माहीत होतं."